आकड्यांची कोडी ऑनलाइन खेळायचीत? कुठलं निवडायचं आणि कुठून सुरू करायचं

आमच्या आप्पांनी निपाणीच्या तंबाखू वखारीत हिशेब लिहिण्यात आयुष्य काढलं. रिटायर झाल्यावर बेळगावात आमच्याकडं राहायला आले आणि रोज सकाळी चहाबरोबर पेपरातलं सुडोकू सोडवायला लागले, पेन्सिलीनं, खोडरबर शेजारी ठेवून. आता पेपरात एकच कोडं, ते अर्ध्या तासात संपतं, मग दिवसभर काय? म्हणून मी त्यांच्या मोबाईलवर एक ॲप टाकून दिलं, शोधल्यावर पहिलं आलं तेच, जास्त बघितलंच नाही. आठ दिवसात आप्पा म्हणाले, "हे काढून टाक बाई, पेपरातलंच बरं हाय." दर कोड्यानंतर जाहिरात, तीन चुका झाल्या की खेळ बंद, हिंट पाहिजे तर कॉइन, आणि पेन्सिलीनं बारीक आकडे लिहायची सोय कुठंतरी मेनूत लपवलेली. एवढ्यावर थांबलं नाही, चुकून कुठंतरी बोट लागलं आणि महिन्याला खात्यातून पैसे कट व्हायला लागले, ते बंद करायला मला दोन दिवस लागले.

तेव्हापासून मी हे नीट बघायला लागले, आप्पांसाठी आणि संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर बसणाऱ्या पोरांसाठी पण. जे कळलं ते सगळं इथं लिहिते, नवीन माणसाला उपयोगी पडावं म्हणून.

आधी एकच गोष्ट डोक्यात ठेवा

कोडं चांगलं की वाईट हे ओळखायची माझी एक कसोटी आहे: तुक्का लावावा लागतो का? खऱ्या लॉजिक कोड्याचं उत्तर एकच असतं आणि तिथंपर्यंत विचार करत करत जाता येतं. प्रत्येक आकडा भरताना "हाच का?" असं कुणी विचारलं तर तुम्हाला कारण सांगता आलं पाहिजे. कारण सांगता येत नाही, नुसतं टाकून बघायला लागतंय, असं होत असेल तर एकतर लेव्हल तुमच्यासाठी जड आहे नाहीतर कोडंच नीट बनवलेलं नाही. दोन्ही वेळेला ते सोडून द्या आणि दुसरं घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

हे लहान उदाहरणानं दाखवते. चार बाय चारचं सुडोकू, प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि प्रत्येक दोन बाय दोनच्या चौकोनात १ ते ४ एकेकदाच:

१ – – –
– – – २
२ – ४ –
– ३ – –

कागदावर उतरवून घ्या. आता तिसऱ्या ओळीकडं बघा, २ आणि ४ आहेत, म्हणजे १ आणि ३ राहिले. दुसऱ्या घरात ३ येईल का? नाही, कारण खाली डाव्या चौकोनात ३ आधीच बसलाय. म्हणजे तिथं १, आणि ओळीच्या शेवटी ३. आता त्या डाव्या खालच्या चौकोनात एकच घर राहिलं, तिथं ४. मग पहिल्या उभ्या ओळीत १, २, ४ झाले, राहिला ३. बघा, अजून एकदाही "असेल बहुतेक" म्हणायला लागलं नाही. पुढचं तुम्ही करा, शेवटपर्यंत असंच सुटतं.

हीच मजा नऊ बाय नऊमध्ये आहे, फक्त जागा मोठी, तीन बाय तीनचे चौकोन आणि १ ते ९ आकडे. समजा ७ हा वरच्या डाव्या चौकोनात पहिल्या ओळीत आहे आणि वरच्या उजव्या चौकोनात दुसऱ्या ओळीत, तर वरच्या मधल्या चौकोनात ७ तिसऱ्याच ओळीत येणार, दुसरीकडं जाणारच नाही. त्या ओळीतली तिथली दोन घरं आधीच भरलेली असली तर झालं, तिसरं घर ७ चं. नवीन माणसानं पहिले आठ-दहा दिवस एवढी एकच युक्ती धरून ठेवली तरी सोपी सगळी सुटतात.

आमच्या शेजारची मुलगी कन्नड मीडियममध्ये आहे, माझा भाचा मराठी शाळेत, वरच्या मजल्यावरचा मुलगा इंग्लिश मीडियमचा. तिघं एका टॅबवर डोकं घालून बसतात. परवा भाचा ७ टाकायला गेला तर तिनं त्याचा हात धरला, "इल्ली एळु बरंगिल्ला" म्हणाली, म्हणजे इथं सात येत नाही, आणि बोटानं वरची ओळ दाखवली. त्याला कन्नड यथातथाच येतं, खरं ओळ दाखवल्यावर लगेच कळलं. शब्दकोड्यात हे होत नाही, तिथं भाषा आली की अर्धी पोरं बाजूला पडतात. आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी कुठंही जा, एका गल्लीत दोन-तीन भाषा, म्हणून मला वाटतं आकड्यांची कोडी आपल्या भागातल्या पोरांना जास्तच सोयीची आहेत.

कुठला प्रकार घ्यायचा

सुडोकूच घ्यायला पाहिजे असं नाही. सगळ्यांना तेच माहीत असतं म्हणून तिथूनच सुरुवात होते एवढंच. नाव जपानी आहे म्हणून कोडं जपानचं वाटतं, खरं आजच्या रूपातलं कोडं हॉवर्ड गार्न्स नावाच्या अमेरिकन माणसानं बनवलं, १९७९ साली ते तिकडच्या मासिकात 'नंबर प्लेस' नावानं छापलं गेलं. जपानच्या निकोली कंपनीनं १९८४ मध्ये ते घेतलं आणि तिथं त्याला सुडोकू नाव पडलं. पुढं वेन गूल्ड नावाच्या हाँगकाँगमधल्या निवृत्त न्यायाधीशांनी ही कोडी बनवणारा कॉम्प्युटर प्रोग्राम लिहिला, आणि २००४ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या टाइम्समध्ये ती यायला लागली, तिथून जगभर. हे सांगायचं कारण असं की आज ऑनलाइन दिसणारी बहुतेक सुडोकू मशीननं बनवलेली असतात, ते वाईट नाही, खरं प्रोग्राम नीट लिहिलेला नसेल तर लेव्हलचा काही भरवसा राहत नाही. 'इझी' म्हणून उघडावं आणि डोकं धरून बसावं लागतं.

बेरीज-वजाबाकी आवडत असेल तर केनकेन घ्या. तेत्सुया मियामोतो या जपानी शिक्षकांनी २००४ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी हे बनवलं. चार बाय चारमध्ये १ ते ४, ओळीत आकडा परत यायचा नाही, आणि जाड रेषेनं बांधलेल्या घरांत वर लिहिलेलं उत्तर आलं पाहिजे. एका ओळीत दोन घरांवर '७ +' लिहिलंय, म्हणजे ३ आणि ४ च, दुसरं काही नाही. मग त्याच ओळीतल्या उरलेल्या दोन घरांत १ आणि २. एवढ्यात अर्धी ओळ कळली! पाढे पाठ करायला कंटाळणारा माझा भाचा यात गुणाकार आपणहून करायला लागला, त्याला कुणी सांगितलं नाही. ज्यांच्या घरी तिसरी-चौथीतली मुलं आहेत त्यांना मी सुडोकूच्या आधी हेच सांगते.

काकुरो हे हिशेबी माणसाचं कोडं. शब्दकोड्यासारखी जाळी, खरं अक्षरांच्या जागी १ ते ९ आकडे आणि प्रत्येक पट्टीची बेरीज दिलेली, एका पट्टीत आकडा परत वापरायचा नाही. आप्पा सुडोकू सोडून याच्यामागं लागले. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर यादीच करून ठेवलीय: दोन घरांत ३ म्हणजे १ आणि २, ४ म्हणजे १ आणि ३, १६ म्हणजे ७ आणि ९, १७ म्हणजे ८ आणि ९. आता आडवी पट्टी १६ ची आणि उभी १७ ची असेल तर दोघी मिळतात त्या घरात ९ शिवाय काय येणार? अशी पहिली जागा शोधायची आणि तिथून सूत ओढल्यासारखं कोडं उलगडत जायचं.

चित्र पाहिजे तर नॉनोग्राम. बाजूला लिहिलेल्या आकड्यांप्रमाणं घरं काळी करत गेलं की शेवटी मांजर, छत्री, काहीतरी तयार होतं. दहा घरांच्या ओळीला ८ लिहिलेला असला तर आठ घरांचा तो पट्टा कुठूनही सुरू करा, मधली सहा घरं काळी होणारच, ती आधी रंगवून घ्यायची. छोट्या पोरांना आणि आकड्यांची भीती बसलेल्या मोठ्यांना हे लगेच आवडतं.

ज्यांना आकडेमोड अजिबातच नको त्यांच्यासाठी शून्य-एकचं बायनरी कोडं आहे, दोन सारखे शेजारी चालतात, तीन चालत नाहीत आणि प्रत्येक ओळीत दोन्ही निम्मे निम्मे. नियम दोन मिनिटात कळतात.

माइनस्वीपर (सुरुंग चुकवत घरं उघडायचा खेळ) आणि २०४८ (सारखे आकडे सरकवून जोडायचा खेळ) बद्दल वेगळं सांगते, कारण लोक यांना पण लॉजिक कोडी म्हणून घेतात. माइनस्वीपर आम्ही कॉम्प्युटर क्लासमध्ये सर बाहेर गेले की खेळायचो, १९९२ पासून विंडोजबरोबरच यायचं ते. त्यात विचार आहे, नक्की आहे, खरं शेवटी कोपऱ्यात दोन घरं राहतात आणि सुरुंग कशाखाली ते कळायला काही मार्गच नसतो, इतका वेळ केलेलं सगळं नशिबावर. २०४८ गॅब्रिएले चिरुली या इटलीच्या मुलानं २०१४ मध्ये बनवलं, वेळ घालवायला छान, खरं पुढचा आकडा कुठं पडेल ते मशीन ठरवतं. खेळा की, फक्त विचार करायची सवय लागावी म्हणून शोधत असाल तर हे दोन नंतर घ्या.

नावांचा घोळ

नवीन माणूस इथं सगळ्यात जास्त गोंधळतो. एकच कोडं वेगवेगळ्या ठिकाणी वेगळ्या नावानं मिळतं. केनकेन हे रजिस्टर केलेलं नाव आहे म्हणून बाकीच्या साइट तेच कोडं कॅल्कुडोकू किंवा मॅथडोकू म्हणून देतात. नॉनोग्रामला पिक्रॉस, ग्रिडलर्स, हांजी म्हणतात. बायनरीला ताकुझू किंवा बिनाइरो. घरांमध्ये लहान-मोठ्याची चिन्हं घातलेलं फुतोशिकी नावाचं कोडं कुठंतरी अनइक्वल म्हणून असतं. त्यामुळं एका नावानं सापडलं नाही तर दुसऱ्यानं शोधा, आणि दोन नावं दिसली म्हणून दोन ॲप टाकू नका.

साइट किंवा ॲप तपासायचं कसं

पहिलं कोडं उघडायच्या आधी नाव, फोन नंबर, ईमेल मागतंय का बघा. एक सुडोकू खेळायला कुणाला तुमचा नंबर कशाला पाहिजे? लगेच बाहेर पडा. लॉगिन करायलाच लागतं अशा काही चांगल्या जागा आहेत, उदाहरणार्थ लिंक्डइनवर क्वीन्स आणि टँगो ही रोजची छोटी कोडी येतात, नोकरीवाल्या पोरांचं तिथं खातं असतंच, त्यांनी तिथं खेळावं. नवीन खातं काढून मात्र नको.

दुसरं, बारीक आकडे लिहायची सोय. 'नोट्स' किंवा पेन्सिलचं चिन्ह असतं. "इथं २ नाहीतर ६" असं लिहून ठेवता आलं पाहिजे, आणि ते बटण समोर पाहिजे. हे नसेल तर मध्यम लेव्हलच्या पुढं जाताच येत नाही. त्याच्याबरोबर अनडू, म्हणजे टाकलेलं मागं घेणं, किती वेळा करता येतं तेही बघा.

तिसरं म्हणजे हिंट, आणि यावर मी जास्त जोर देते, कारण नवीन माणूस शिकतो तो हिंटमधून. वाईट ॲप हिंट मागितली की सरळ घरात आकडा टाकून मोकळं होतं. त्यातून तुम्ही काय शिकलात? काही नाही, तुक्का लावल्यासारखंच झालं ते. चांगलं ॲप कुठल्या ओळीकडं बघायचं ते रंगवून दाखवतं, "या चौकोनात हा आकडा दुसरीकडं बसत नाही" असं कारण देतं आणि भरायचं तुमच्यावर सोडतं. मी नवीन ॲप टाकलं की पहिल्याच कोड्यात मुद्दाम हिंट मागून बघते, कारण दिलं तर ठेवते, नुसता आकडा दिला तर काढून टाकते. तसंच चुकीचा आकडा टाकल्याबरोबर लाल करणारी सेटिंग असते, ती बंद करा. ती चालू असली की पोरं एकेक आकडा टाकून बघत बसतात, लाल झाला की पुढचा.

चौथं, नेट नसताना चालतं का? शहरात याचा विचार कुणी करत नाही. खरं खानापूरच्या पुढं जांबोटी-कणकुंबीकडं बसनं निघालात की रेंज जाते, आणि कोडं खेळायला सगळ्यात निवांत वेळ बसमध्येच असतो. फ्लाइट मोड लावून एकदा उघडून बघा, चाललं तर चांगलं.

आणि पाचवं, "जिंका आणि पैसे मिळवा" असं कुठं लिहिलेलं दिसलं तर त्या वाटेला जाऊच नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं केलाय. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये स्वतः जाऊन बघा, प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये आणि यूपीआयच्या ऑटोपेमध्ये काही चालू आहे का ते, आमच्याकडं झालं तसं व्हायला नको.

मग टाकायचं काय

मला विचाराल तर सायमन टॅथम यांचं पझल कलेक्शन. हे इंग्लंडचे प्रोग्रामर, आयटीवाल्यांना त्यांचं पुटी नावाचं सॉफ्टवेअर माहीत असेल. फुकट, जाहिरात नाही, लॉगिन नाही, ब्राउझरमध्ये चालतं, विंडोजवर चालतं, अँड्रॉइडचं ॲप आहे ते नेटशिवाय चालतं, आणि जवळजवळ चाळीस प्रकारची कोडी एकाच जागी. दिसायला साधं आहे, रंगीबेरंगी काही नाही, पोरं आधी नाक मुरडतात. नावं वेगळी आहेत म्हणून सांगून ठेवते: सुडोकू म्हणजे तिथं सोलो, केनकेन म्हणजे कीन, नॉनोग्राम म्हणजे पॅटर्न, बायनरी म्हणजे अनरूली. माझ्या मनात ते बसलं माइन्समुळं, तिथला माइनस्वीपर असा बनवलाय की पहिल्या क्लिकनंतर तुक्का न लावता शेवटपर्यंत सुटतोच. आणि सोलोच्या लेव्हलमध्ये सगळ्यात वरची आहे तिचं नावच अनरीझनेबल, म्हणजे इथं टाकून बघायला लागेल हे आधीच सांगून टाकलंय. असा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

ज्यांचे डोळे स्क्रीननं दुखतात त्यांनी क्रेझीडॅड नावाच्या साइटवरून कोड्यांचे पीडीएफ घ्यावेत, फुकट आहेत, झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढली की झालं. आप्पांसाठी मी महिन्याला एक गठ्ठा काढून आणते.

लेव्हल आणि रोजची सवय

मोबाईलवर नऊ बाय नऊ म्हणजे घर नखाएवढं होतं, बोट शेजारच्या घरावर पडतं. म्हणून चार बाय चार, मग सहा बाय सहा, मग नऊ. सहा बाय सहा सलग पाच सुटली, हिंट न घेता, की पुढं जा. वेळ बघू नका, घड्याळ दिसत असेल तर सेटिंगमधून बंद करा. "दिलेले आकडे कमी म्हणजे अवघड" असं पण समजू नका. एकच उत्तर यायला नऊ बाय नऊमध्ये कमीत कमी १७ आकडे द्यावे लागतात, हे २०१२ मध्ये आयर्लंडच्या गॅरी मॅग्वायर यांच्या टीमनं कॉम्प्युटरवर सगळं तपासून दाखवलं, खरं २४ आकडे दिलेलं एखादं कोडं ३० वाल्यापेक्षा सोपं असू शकतं. सोडवायला कुठली युक्ती लागते त्यावर सगळं आहे.

अडलात तर कोडं तसंच ठेवून उठा. चहा घ्या, भाजी चिरा, परत या. मला कितीतरी वेळा परत बसल्यावर पहिल्या मिनिटातच ते घर दिसलंय.

रोजचं एक कोडं बास. 'स्ट्रीक' म्हणून सलग किती दिवस खेळलात ते दाखवतात, एखादा दिवस चुकला तर बिघडत नाही, लग्नकार्यात, जत्रेत मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसू नका.

हळूहळू गोडी लागली तर पुढं वाट आहे. यूट्यूबवर क्रॅकिंग द क्रिप्टिक नावाचं चॅनल आहे, दोन इंग्रज माणसं कोडं सोडवता सोडवता प्रत्येक पावलाचं कारण बोलून दाखवतात, इंग्लिश थोडं कमी येत असलं तरी बघून कळतं. लॉजिक मास्टर्स इंडियाच्या साइटवर ऑनलाइन स्पर्धा होतात. आणि हे फार लांबचं जग आहे असं समजू नका, सुडोकूची वर्ल्ड चॅम्पियनशिप २००८ मध्ये गोव्यात झाली होती आणि २०१७ मध्ये बेंगळुरूत, म्हणजे एकदा आपला घाट उतरून आणि एकदा रातराणीनं जाता येईल एवढ्यावर.

पावसाळ्यात आपल्याकडं लाइट जाते, मोबाईल पण बंद पडतो, तेव्हासाठी एक सांगून ठेवते. देवळालीला शाळेत शिकवणारे आपले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, त्यांनी १९४९ मध्ये हे मांडलं. चार आकडी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारी आकडे सारखे नकोत. मोठ्यापासून लहान अशी लावा, मग लहानापासून मोठी अशी लावा, वजा करा, आलेल्या उत्तराचं परत तेच करा, तीन आकडी उत्तर आलं तर पुढं शून्य लावून. जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतं आणि मग तिथंच थांबतं. गेल्या आषाढात मेणबत्तीच्या उजेडात आप्पांनी स्कूटरच्या नंबरचे चार आकडे घेतले, २७३१. ७३२१ मधून १२३७ गेले, ६०८४. मग ८१७२, मग ७४४३, मग ३९९६, मग ६२६४, मग ४१७६. तिघं पोरं वहीवर वाकून बसलेली, सातव्या वजाबाकीला ६१७४ आलं तर शेजारची मुलगी ओरडली, आणि लाइट आली तरी कुणी मोबाईलकडं गेलं नाही, बाकीच्या गल्लीतल्या गाड्यांचे नंबर बघायला पावसात पळाली तिघं.